याम, मुहूर्त आणि घड्याळ : औषधनिर्मितीतील कालगणना

रसशास्त्रात मर्दन, स्वेदन व पाक यांचा अवधी बहुधा याम किंवा प्रहर या मापांत सांगितलेला असतो. औषधशाळेतील घड्याळ मात्र तास-मिनिटे दाखविते. आमच्याच औषधशाळेत एकदा ‘दोन याम मर्दन’ अशी नोंद होती. नव्या सहकाऱ्याने याम म्हणजे मुहूर्त समजून ९६ मिनिटांतच खल थांबविला. अपेक्षित होते सहा तास! तेव्हापासून आम्ही पुढील कोष्टक खलगृहात लावले आहे.

१ अहोरात्र = ८ याम (प्रहर) = ३० मुहूर्त = ६० घटिका = २४ तास
१ याम = ७॥ घटिका = ३ तास
१ मुहूर्त = २ घटिका = ४८ मिनिटे
१ घटिका = ६० पळे = २४ मिनिटे
१ पळ = २४ सेकंद

सूक्ष्म मापांसाठी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय पाहावा. तेथे १५ अक्षिनिमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला आणि २० कला व कलेचा दशमांश मिळून मुहूर्त सांगितला आहे. या हिशेबाने कला सुमारे २ मिनिटे २३ सेकंदांची, तर काष्ठा पावणेपाच सेकंदांची होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा चतुर्थांश म्हणजे प्रहर असे धरल्यास त्याची लांबी ऋतूनुसार बदलते. पुण्यात जूनअखेरीस दिनमान सुमारे सव्वातेरा तासांचे, तर डिसेंबरअखेरीस अकरा तासांचे असते. म्हणजे प्रहर उन्हाळ्यात सुमारे ३ तास १८ मिनिटांचा व हिवाळ्यात पावणेतीन तासांचा होईल. दोन याम मर्दनात एवढ्यानेच तासाभराचा फरक पडतो. प्रत्येक घाण्यात समानता हवी असेल, तर याम सर्वकाळ ३ तासांचाच धरावा, असे आमचे मत आहे. ‘एक दिन’ म्हणजे १२ तास की २४, हेही निर्मितीपत्रकात स्पष्ट लिहावे.

अर्थात काळ हे साधन आहे, सिद्धी नव्हे. तीन तास पूर्ण झाले तरी कज्जली निश्चंद्र झाली नसेल, तर मर्दन चालूच ठेवावे लागते. म्हणून निर्मितीपत्रकात ग्रंथोक्त अवधी, त्याचे तास, प्रत्यक्ष आरंभ व समाप्तीची वेळ आणि सिद्धिलक्षण या चारही नोंदी कराव्यात. औषध कमी पडले तर दोष ग्रंथाचा की आपल्या घड्याळाचा, हे त्यावरूनच कळेल.