अथेन्सची रौप्यनाणी व त्यांची पत

प्राचीन ग्रीक नाण्यांच्या अभ्यासकास अथेन्सच्या रौप्यनाण्यांत एक विसंगती प्रथमदर्शनीच जाणवते. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात पार्थेनॉनसारखी शिल्पसंपन्न वास्तू उभारणाऱ्या या नगरराज्याच्या नाण्यांवर अथीना देवीचा चेहरा एका बाजूने दाखविलेला असे. डोळा मात्र जुन्या पद्धतीने, समोरून पाहिल्यासारखाच कोरीत. मागील बाजूचे घुबड, ऑलिव्हची डहाळी व नगरनामाची तीन आद्याक्षरे यांतही फारसा बदल होत नसे. हे कलेचे मागासलेपण नव्हे. त्याचे कारण नाण्याच्या विश्वासार्हतेत शोधले पाहिजे.

या विश्वासाचा पाया ॲटिकाच्या आग्नेय टोकाकडील लॉरियनच्या खाणींत होता. तेथील शिसेयुक्त खनिज वितळवून त्यातून रुपे वेगळे काढीत. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास विपुल रुपे हाती आले, तेव्हा ते नागरिकांत न वाटता त्यातून युद्धनौका बांधाव्यात, असे थेमिस्टोक्लीझने नागरिकसभेस पटविले. इ. स. पू. ४८० मधील सॅलॅमिसच्या विजयात या आरमाराचा वाटा सर्वांत मोठा होता. पुढे चार द्राख्मांचे, सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे व जवळजवळ शुद्ध रुप्याचे हे नाणे ईजिप्त व पश्चिम आशियापर्यंत पोहोचले. दूरदेशीचा व्यापारी ओळखीचा छाप पाहून ते स्वीकारी; छाप बदलणे म्हणजे त्याच्या मनात संशय उत्पन्न करणे होय.

परंतु छापामागे रुपे नसेल, तर छाप निरर्थक ठरतो. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिया व्यापल्यानंतर २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीझ सांगतो. खाणींचे काम खालावले आणि इ. स. पू. ४०६ च्या सुमारास तांब्यावर रुप्याचा मुलामा दिलेली नाणी पाडावी लागली. पुढच्याच वर्षी ॲरिस्टोफेनीझने ‘बेडूक’ या नाटकात हीन नाण्यांचा दाखला देऊन नगराच्या हीन नेतृत्वावर टीका केली.

नाण्याची पत राखण्यासाठी राज्य किती दक्ष राही, हे इ. स. पू. ३७५-७४ च्या कायद्यावरून कळते. हा कोरीव लेख १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरात सापडला. त्यानुसार राज्याच्या सेवेतील नाणेपारखी अगोरात व पिरीअस बंदरात बसत. पारखलेले अस्सल नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा माल जप्त होई. मुलाम्याचे नाणे तत्काळ छेदून देवमातेस अर्पण केले जाई.

तात्पर्य, केवळ शैलीवरून या नाण्यांचा काल ठरविणे धोक्याचे आहे. त्यांचे जुनेपण पुष्कळदा हेतुपुरस्सर जपलेले असे.