हिशेबाची बातमी पत्रकाराला कशी सांगावी?

गटाच्या बैठकीत आपण रोकड मोजतो, वही आणि पासबुक ताडून पाहतो. मोठ्या कंपन्यांत हे काम ऑडिटर करतात. पण त्यांच्याही नजरेतून गडबड सुटली तर? काही पत्रकार अशा हिशेबांवरच लिहितात. त्यांच्यापर्यंत बातमी कशी पोचते, त्याची ही खरी गोष्ट.

जर्मनीत वायरकार्ड नावाची कंपनी होती. कार्डानं दिलेले पैसे दुकानदारापर्यंत पोचवणं हा तिचा धंदा. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात पव गिल हे वकील होते. तिथले हिशेब खोटे असल्याचं सांगणारी कागदपत्रं त्यांच्या हाती आली. २०१८ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. मुलगा गप्प होता, पण आई गप्प बसली नाही. तिनंच एका पत्रकार बाईंशी संपर्क साधला. तिथून धागा लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’च्या डॅन मॅक्रम यांच्यापर्यंत गेला.

जानेवारी २०१९ मध्ये बातमी आली. कंपनीनं सगळं नाकारलं. जर्मनीत तर पत्रकारांविरुद्धच तक्रार झाली. शेवटी जून २०२० मध्ये कंपनीनं कबूल केलं, की ताळेबंदातले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत. काही दिवसांत तिनं दिवाळखोरी जाहीर केली.

आईच्या धाडसानं दार उघडलं, पण बातमी उभी राहिली ती कागदांवर. म्हणून पत्रकाराकडे जाताना एवढं लक्षात ठेवा.

आधी बघा, या विषयावर कोण लिहितं. मग थोडक्यात सांगा: कोणता हिशेब, कोणतं वर्ष, किती रक्कम, नुकसान कुणाचं. ‘सगळे चोर आहेत’ ही बातमी नव्हे. ‘वहीत तीस हजार, पासबुकात बावीस हजार’ ही बातमीची सुरुवात.

स्वतः पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं वेगवेगळं सांगा. कागदाची प्रत द्या, मूळ कागद जपून ठेवा. आपलं नाव छापायचं की नाही, हे कागद देण्याआधीच ठरवून घ्या. पत्रकार समोरच्याची बाजूही विचारणार. ते त्याचं कामच आहे, राग मानू नका. पडताळणीला वेळ लागतो, आणि प्रत्येक गोष्ट छापली जातेच असं नाही.

आणि आपल्या गटात फरक दिसला, तर आधी बैठकीतच विचारा. कधीकधी नोंद राहून गेलेली असते. वही मागणं म्हणजे कुणावर आळ घेणं नव्हे. पैसा सगळ्यांचा, तर वहीही सगळ्यांची!