शाळा एकाची, मते दुसऱ्याची

शाळेवर यंदा किती खर्च करायचा, शिक्षक किती ठेवायचे, बालवर्ग पूर्ण दिवसाचा ठेवायचा की अर्ध्या दिवसाचा, हे सगळे गावकऱ्यांनी मतदान करून ठरवावे, असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला ती लोकशाहीची परमावधीच वाटेल. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हे दरवर्षी घडते. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी तेथील बहुतेक शालेय जिल्ह्यांत शाळांच्या अंदाजपत्रकावर थेट मतदान होते. (शालेय जिल्हा म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. काही गावांच्या शाळा चालवणारी ती एक स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिला निवडून आलेले मंडळ असते आणि कर लावण्याचा अधिकार असतो.) न्यूयॉर्क शहर, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्युज आणि याँकर्स या पाच मोठ्या शहरांना हे मतदान लागू नाही. बाकी ठिकाणी मतदार ‘हो’ म्हणाले तर अंदाजपत्रक मंजूर होते. ‘नाही’ म्हणाले तर जूनमध्ये एक संधी मिळते. तेव्हाही पडले तर गेल्या वर्षी जेवढा कर गोळा केला त्याहून एक डॉलरही जास्त गोळा करता येत नाही. शिक्षकांचे पगार वाढोत की डिझेल महाग होवो, त्यात सवलत नाही.

चळवळीच्या वाचकाला हे परदेशातले प्रकरण कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते हा प्रश्न आपलाच आहे. ज्याची लेकरे शाळेत बसतात आणि ज्याच्या मताने शाळेला पैसा मिळतो, ते दोघे वेगवेगळे असले म्हणजे काय होते, याचा हा चालता-बोलता दाखला आहे. त्यात अडकलेली लेकरे बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांची, स्थलांतरितांची, म्हणजे त्या देशातल्या बहुजनांची आहेत.

आधी करदात्याची बाजू ऐकली पाहिजे. ती खोटी नाही. तेथे शाळांच्या खर्चाचा मोठा भाग घरा-जमिनीवरील मालमत्ता करातून येतो आणि न्यूयॉर्क राज्यात सामान्य घरमालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात सर्वांत मोठा आकडा शाळेचा असतो. हा कर उत्पन्नावर नाही, घराच्या किमतीवर आहे. निवृत्त झालेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराची किंमत कागदावर दुप्पट झाली म्हणून त्यांच्या हातात पैसा येत नाही. बिल मात्र येते. त्यांची मुले शाळा सोडून तीस वर्षे झालेली असतात. अशा माणसाने मे महिन्यात ‘नाही’वर शिक्का मारला तर त्याला लगेच दुष्ट ठरवण्याचे कारण नाही.

आणि या करावरची सर्वांत कडक टीका एका विद्वानाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. हे विद्वान म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील प्रा. एडविन सेलिग्मन, बाबासाहेबांचे गुरू. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसेज इन टॅक्सेशन’ या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतला सर्वसाधारण मालमत्ता कर हा सुधारलेल्या जगातल्या सर्वांत वाईट करांपैकी एक ठरवला होता. जमीन आणि घर डोळ्यांना दिसते, म्हणून ते पकडले जाते. शेअर, रोखे, ठेवी लपवता येतात, म्हणून त्या सुटतात. परिणामी छोट्या माणसावर बोजा आणि मोठ्याला वाट मोकळी, असा त्यांचा आक्षेप होता. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब याच सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक अर्थशास्त्र शिकले. १९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ आला, त्याला प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच आहे. पैसा कोणाकडून घेतला आणि कोणावर खर्च केला, हा प्रश्न बाबासाहेबांना नंतर आयुष्यभर सुटला नाही.

परंतु करदात्याचा राग खरा असला तरी तो शाळेवरच का निघतो, हे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात काउंटीचे आणि नगराचे अंदाजपत्रक निवडून आलेले सदस्य मंजूर करतात. पोलिसांचा खर्च, तुरुंगाचा खर्च, रस्त्याचा खर्च यांवर सामान्य माणसाला कोणी मत विचारीत नाही. लष्करावरच्या खर्चाचे तर नावच नको. मत विचारले जाते ते शाळेच्या खर्चावर. म्हणजे सगळ्या करांचा साचलेला संताप काढायला वर्षातून एकच खिडकी उघडी ठेवली आहे आणि तिच्यासमोर लहान मुले उभी केली आहेत. त्यात मतदान नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर नसते, मे महिन्यात स्वतंत्र असते. साहजिकच फार थोडे लोक येतात आणि जो गट संघटित आहे तो जिंकतो.

२०११ साली यावर आणखी एक कुलूप लावले गेले. शाळांच्या कराची वाढ साधारणपणे २ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवावी, असा कायदा राज्याने केला. मर्यादेपलीकडे जायचे असेल तर ६० टक्के मते लागतात. म्हणजे शंभरातल्या ५९ जणांनी शाळेला पैसा द्या म्हटले आणि ४१ जणांनी नको म्हटले, तर ४१ जण जिंकले! शेजारच्या न्यू जर्सीत एप्रिल २०१० मध्ये निम्म्याहून अधिक अंदाजपत्रके मतदारांनी पाडली. शिक्षक पगारवाढ गोठवायला तयार नसतील तेथे अंदाजपत्रक नाकारा, असे आवाहन खुद्द राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी केले होते. पुढे २०१२ च्या कायद्याने तेथील शालेय जिल्ह्यांना निवडणूक नोव्हेंबरात नेण्याची आणि खर्च मर्यादेत असेल तर अंदाजपत्रकावरचे मतदान टाळण्याची मुभा मिळाली. बहुतेकांनी ती घेतली. त्या राज्यात मराठी माणसे पुष्कळ आहेत. चांगला शालेय जिल्हा पाहून घर घ्यायचे, हे त्यांनाही ठाऊक आहे. ज्याला तेथे घर परवडत नाही त्याच्या मुलाचे काय, हा प्रश्न मात्र घर घेताना कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरातल्या एजवुड भागातील गरीब पालकांनी विचारला. १९६८ च्या मे महिन्यात तेथील हायस्कूलचे विद्यार्थी मोडक्या शाळेविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडले आणि त्याच वर्षी पालक न्यायालयात गेले. आकडे असे होते. एजवुडमध्ये नव्वद टक्के मुले मेक्सिकन वंशाची. तेथील लोक १०० डॉलर किमतीच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट कर देत होते आणि त्यातून दर मुलामागे शाळेला मिळत होते २६ डॉलर. त्याच शहरातल्या श्रीमंत, गोऱ्यांच्या अलामो हाइट्समध्ये कराचा दर फक्त ८५ सेंट होता आणि दर मुलामागे मिळत होते ३३३ डॉलर! गरिबाने जास्त दराने कर द्यायचा आणि त्याच्या मुलाला बाराव्या हिश्शाहूनही कमी मिळायचे. कारण सरळ आहे, झोपडीवर कितीही कर लावला तरी ती बंगल्याएवढा पैसा देत नाही. गरीब आपल्या मुलांच्या शिक्षणाबाबत बेफिकीर असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

२१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हे पालक हरल्याचे जाहीर केले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने सांगितले. विरोधी निकालपत्र लिहिणाऱ्यांत थरगुड मार्शल होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा १९५४ चा ऐतिहासिक खटला लढवणारे हेच ते कृष्णवर्णीय कायदेपंडित. वेगळ्या शाळांची भिंत कायद्याने पाडली आणि ती मालमत्तेच्या नकाशावर पुन्हा उभी राहिली, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावे लागले.

आता ईस्ट रामापोकडे वळू. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला रॉकलंड काउंटीतला हा शालेय जिल्हा. तेथे शाळेच्या वयाच्या मुलांचे दोन जग आहेत. २०१७-१८ च्या सुमारास सार्वजनिक शाळांत ९ हजारांच्या आसपास मुले होती, त्यांतली दहापैकी नऊ कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. खासगी धार्मिक शाळांत त्यांच्या तिपटीहून अधिक, जवळजवळ सगळी गोरी, सनातनी ज्यू कुटुंबांची. आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा समाज स्वतः युरोपात भयंकर छळ सोसून आलेला आहे, त्यांच्यातही गरिबी आहे, आणि स्वतःच्या शाळेची फी भरून वर सार्वजनिक शाळेचा कर भरणे त्यांना जड जाते. त्यांच्या धर्माविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न रचनेचा आहे. मतदार त्यांचे जास्त, म्हणून २००५ पासून शालेय मंडळावर बहुमत त्यांचे. ज्या शाळांत मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांची मुले जात नव्हती, त्या शाळांचे शिक्षक, समाजसेवक, कला आणि खेळ यांवर कात्री चालली. पूर्ण दिवसाचा बालवर्ग अर्ध्यावर आला. २०१४ साली राज्याने नेमलेल्या निरीक्षकाने आपल्या अहवालात हा जिल्हा संकटात असल्याचे नोंदवले. दुसरीकडे खासगी शाळांतल्या मुलांची बसची व्यवस्था त्याच तिजोरीतून चालू होती. तसे करणे कायद्याने बंधनकारकही आहे. सार्वजनिक शाळांतल्या अनेक मुलांचे आईबाप हैती आणि मध्य अमेरिकेतून आलेले. ज्यांना नागरिकत्व मिळालेले नाही त्यांना या मतदानात मतच नाही. घरभाड्यातून मात्र ते घरमालकाचा कर भरतातच.

मंडळावर कृष्णवर्णीय सदस्य मुळीच नव्हते असे नाही. तेच तर समजून घेण्यासारखे आहे. नऊही जागांसाठी संपूर्ण जिल्हा मतदान करीत असे. त्यामुळे बहुसंख्याकांच्या पुढाऱ्यांनी ज्याला आपल्या यादीत घेतले तोच कृष्णवर्णीय निवडून येई. कृष्णवर्णीयांनी स्वतः निवडलेला पडे. वाचकांना हे कोठेतरी पाहिल्यासारखे वाटले असेल. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागांवर अंतिम निवड संयुक्त मतदारांच्या हाती आली. त्याचा परिणाम काय झाला हे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. कांशीराम साहेबांनी त्यालाच १९८२ साली ‘चमचा युग’ म्हटले. रंग आपला, निवड त्यांची.

रंगवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेने २०१७ मध्ये दावा लावला. २५ मे २०२० रोजी न्यायाधीश कॅथी सीबेल यांनी ही निवडणूक पद्धत मतदान हक्क कायद्याचा भंग करते असा निकाल दिला आणि नऊ वॉर्ड पाडायला लावले. जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. वॉर्ड म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ नव्हे, हे खरे. तेथे वस्त्याच वेगळ्या आहेत म्हणून वॉर्डाने काम भागते. तरी पालकांनी लढून मिळवलेला हा मोठाच विजय आहे.

पण अर्धाच. कारण सदस्य वॉर्डातून निवडला गेला तरी अंदाजपत्रकावरचे मतदान आजही संपूर्ण जिल्ह्याचे एकत्रच होते. मंडळात बोलायला आपला माणूस गेला, तिजोरीची किल्ली मात्र जेथे होती तेथेच राहिली.

बाबासाहेबांनी हे आपल्याकडे फार आधी ओळखले होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवल्या जात होत्या. ‘स्थानिक स्वराज्य’ म्हणून पुढारी खूश होते. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात बाबासाहेबांनी उलट भूमिका घेतली. तो कायदा रद्द करून शाळा स्कूल बोर्डांकडे देणे थांबवल्याशिवाय अस्पृश्यांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यात म्हटले आहे. ज्या बोर्डावर स्पृश्यांचे बहुमत, ते आमच्या लेकरांच्या शाळेची काळजी कशाला करील? १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी हेच वेगळ्या शब्दांत मांडले होते. शेतकऱ्याच्या घामातून कर गोळा होतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, प्राथमिक शाळा मात्र उपाशी राहते.

आज महाराष्ट्रात शाळेच्या खर्चावर मतदान होत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांत दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत. अमेरिकेतल्या त्या पालकांना हेवा वाटावा अशी ही तरतूद आहे. पण समितीला कर लावता येत नाही आणि मोठा निधी वरूनच येतो. तिकडे खर्च ठरवणाऱ्यांत पालक नाहीत, इकडे पालकांकडे खर्च नाही. महानगरपालिका क्षेत्रात घरपट्टीबरोबर १९६२ च्या कायद्याखालचा शिक्षण उपकर वसूल होतो आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. पुढच्या वेळी बिल हातात येईल तेव्हा ती ओळ बोट ठेवून वाचावी. आणि वस्तीतल्या पालिकेच्या शाळेत समितीची बैठक भरेल तेव्हा आपल्या शाळेला यंदा किती पैसा मिळाला, किती खर्च झाला आणि शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे. समितीत बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.