इब्ला : एका बार्नेकलाचा संसार

रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी अनवाणी हिंडलो, तर जे पांढुरके, धारदार कवच आपल्या तळपायाला खरचटते, ते बार्नेकल. दिसायला ते शिंपल्याचे भावंड. पण त्याचे खरे गोत्र खेकड्या-कोळंबीचे. त्याचे पिलू काही काळ पाण्यात पोहते आणि जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने तेथे चिकटते, ते जन्माचे. आता ज्याला तसूभरही हलता येत नाही, त्याने जोडीदार गाठावा कसा?

निसर्गाने काढलेली नेहमीची तोड अशी की, बहुतेक बार्नेकले उभयलिंगी असतात. प्रत्येक जण नरही आणि मादीही. शेजाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी त्यांना लांबच लांब जननेंद्रिय लाभलेले असते. इब्ला या प्रजातीने मात्र निराळी वाट धरली.

चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नेकलांच्या अभ्यासात घालविली. फिलिपाइन्समधील 'इब्ला कमिंगी' तपासताना तिच्या कवचाच्या आत कृमीसारखे बारीक जीव रुतलेले त्याला आढळले. कोणीही त्यांना बांडगुळेच म्हटले असते. पण मोठ्या प्राण्यात नराचे इंद्रिय मुळीच नव्हते, आणि या चिमुकल्यांत शुक्रजंतू होते. उलगडा झाला: ही बांडगुळे नव्हेत, हे तर घरधनी! घरजावई म्हटले तरी चालेल.

पुढचा शोध अधिक मोलाचा होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाकडील 'इब्ला क्वाड्रिव्हाल्विस' या भाईबंद जातीत मोठा प्राणी उभयलिंगीच निघाला, आणि तरीही त्याला असेच खुजे नर चिकटलेले होते. डार्विनने त्यांना पूरक नर म्हटले. शेजार विरळ असेल, तर अंगालाच चिकटलेला नर हाच खात्रीचा जोडीदार, हे आपणांसही पटण्याजोगे आहे.

एका जातीत उभयलिंगी, दुसरीत उभयलिंगी अधिक पूरक नर, तिसरीत नर-मादी वेगळे. या तीन पायऱ्या शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे एक स्थिती दुसरीत कशी उतरत जाते, ते दिसू लागते. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ साली निघाला. सजीवांच्या जाती अचल नाहीत हे त्यात सांगणाऱ्याने आधी आठ वर्षे, खडकाला अचल चिकटून राहणाऱ्या या प्राण्यांपुढे बसून काढली होती, हे आपण विसरू नये.