यंत्राचें वर्णनपत्र

संगणक सुरू होतांच त्याच्या मुख्य आज्ञावलीस, म्हणजे लिनक्ससारख्या कारभाऱ्यास, आपल्या हाताखालीं कोणतीं उपकरणें आहेत हें कसें कळतें? यूएसबीनें जोडलेलीं उपकरणें आपली ओळख स्वतःच सांगतात. परंतु पुष्कळशीं मुकीं असतात. त्यांच्यासाठीं यंत्राचें एक वर्णनपत्र लिहावें लागतें. त्यास ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. १९९४ सालच्या ‘ओपन फर्मवेअर’ मानकांत त्याचें मूळ आहे.

हें पत्र माणसास वाचतां येईल अशा अक्षरांत असतें. मागाहून त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर होतें. अडचण येते ती वेगळीच. कधीं कधीं वर्णनाबरोबर निव्वळ बाइटांचा मजकूरही द्यावा लागतो. बाइट म्हणजे ० पासून २५५ पर्यंतची एक संख्या. ती दोन चिन्हांनीं लिहितां येते. तेव्हां ४०९६ बाइटांची लहानशी फाईलही उतरून काढावयाची तर ८१९२ चिन्हें लिहावीं लागतील. त्यांत एक चुकलें तर तें कोणाच्या नजरेस येणार? शिवाय मूळ फाईल बदलली कीं नक्कल शिळी होते.

यावर ‘इन्क्‌बिन’ ही आज्ञा योजिली आहे. शिशाच्या खिळ्यांनीं छपाई होत असे त्या काळीं लेखक चित्र अक्षरांनीं वर्णीत बसत नसे. ‘येथें अमुक ठसा घालावा’ एवढेंच तो जुळाऱ्यासाठीं लिही. तद्वत् येथें केवळ फाईलीचें नांव द्यावयाचें. रूपांतराच्या वेळीं तिचे बाइट जसेच्या तसे त्या जागीं बसतात. तिचा कांहीं भागच हवा असल्यास कोठून व किती, हेंही सांगतां येतें. ‘यू-बूट’ ही प्रारंभक आज्ञावली वापरणारे लोक याच रीतीनें अख्खा लिनक्सही एका गठ्ठ्यांत बांधितात.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. नांवाची फाईल सांपडली नाहीं तर काम तेथेंच थांबतें. पण भलतीच फाईल त्या नांवानें ठेविली असेल तर ती निमूटपणें आंत जाते. गठ्ठ्यावर ‘एसएचए-२५६’ची अंकमुद्रा उमटवितां येते; पुढें एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाहीं. परंतु मुद्रेपूर्वीं आंत काय ठेविलें, याची ग्वाही ती मुद्रा देऊं शकत नाहीं. नक्कल करण्याचे श्रम यंत्रावर सोंपवावे; खरें काय तें पारखण्याचें काम आम्हां माणसांकडेच राहतें, असें आम्हांस वाटतें.