पत्र लिहिण्यास कारण की

ब्लेचली पार्क आता मिल्टन कीन्सच्या पोटात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा या सांकेतिक यंत्रावरचे संदेश फोडणारी माणसं तिथे बसत. आवारालगतच्या संगणक-संग्रहालयात एका स्वयंसेवकाने माझ्यापुढे चौकटीचा कागद ठेवला. वर सांकेतिक मजकूर, खाली सरकवायची पट्टी. पट्टीवर मूळ संदेशात असणार असा कयास असलेला जर्मन शब्द, ‘वेटरफोरहेरझागे’: हवामानाचा अंदाज. रोमन लिपीत १६ अक्षरं.

एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही. म्हणून वर-खाली तेच अक्षर आलं की ती जागा बाद. पट्टी एक घर पुढे. पुन्हा बाद, पुन्हा पुढे. १६ अक्षरांनी जवळपास निम्म्या जागा गळतात, ४० अक्षरं असतील तर पाचातल्या चार. मजकूर जितका पाल्हाळिक, तितकी फोडणाऱ्याची चैन! उरलेल्या जागांवरून आराखडा काढायचा आणि ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्राला द्यायचा. त्यातलं पहिलं मार्च १९४० मध्ये बसलं.

पण पट्टीवर लिहायचं काय, हे कसं कळायचं? शत्रूच्या सवयींवरून. ठरल्या वेळी हवामान, लांबलचक हुद्द्यांसह पत्ता, आणि काहीच घडलं नाही तरी ‘विशेष काही नाही’ असं इमानाने कळवणाऱ्या चौक्या. मराठी मजकूर तपासताना मी ‘सहकुटुंब सहपरिवार’मधलं एक काटतो, ‘पत्र लिहिण्यास कारण की’ तर सरसकट. ब्लेचलीकरांनी मला शिव्याच घातल्या असत्या. ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होणारं आमचं टपाल त्यांनी चहा संपायच्या आत फोडलं असतं.

सगळ्यांत महागात पडलेली पुनरुक्ती मात्र दुसऱ्याच यंत्रावरची, लॉरेन्झवरची. ३० ऑगस्ट १९४१ रोजी सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून निरोप आला, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठवा. नियमाप्रमाणे यंत्राच्या चाकांची मांडणी बदलायला हवी होती. पाठवणाऱ्याने तीच ठेवली. तरीही सगळं हुबेहूब टंकलं असतं, तर ऐकणाऱ्यांच्या हाती नवं काहीच लागलं नसतं. पण चार हजार अक्षरं दुसऱ्यांदा बडवायची म्हणजे कंटाळा येणारच. ‘संदेश क्रमांक’चं त्याने ‘संदेश क्र.’ केलं, पुढेही काटकसर चालू ठेवली, आणि दोन्ही मजकूर एकमेकांपासून सरकले. ब्लेचलीतल्या जॉन टिल्टमन यांनी तेवढ्या फरकाला धरून दोन्ही उलगडले. जानेवारी १९४२पर्यंत तिथल्याच बिल टट यांनी त्यावरून यंत्राची १२ चाकं कागदावर मांडली होती. ब्लेचलीला प्रत्यक्ष यंत्र बघायला मिळालं ते युद्ध संपता संपता.