टीएसएच साडेसहा, वय अठ्ठ्याहत्तर

सकाळी सातला पॅथॉलॉजीचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत ‘फुल बॉडी चेकअप’ची वीसपानी पीडीएफ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडते. आईवडील पुण्यात किंवा नाशकात आणि मुलं बंगळूरला नाहीतर न्यू जर्सीला, अशा घरांत तर आता वर्षातून एकदा हे ठरलेलंच. वीस पानं कोणी वाचत नाही. ठळक अक्षरांत काय छापलंय तेवढंच शोधतात. वय ७८, टीएसएच ६.५, पुढे ठळक ‘हाय’ आणि शेजारी प्रयोगशाळेची मर्यादा ०.४ ते ४.५. मग सून लिहिते, ‘तरीच आई हल्ली जिन्यात थांबतात.’ थोरला लिहितो, ‘उद्यापासून गोळी सुरू करू.’ निदान झालं, उपचारही ठरला.

यात घरच्यांची चूक नाही. थकवा, जडपणा, पाय ओढत चालणं, कशात मन न लागणं ही सगळी थायरॉइड मंदावल्याची लक्षणं म्हणून प्रत्येकानं ऐकलेली असतात, आणि हा आजार आपल्याकडे आहेही भरपूर. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम असल्याचं दिसलं. पण म्हातारपणी टीएसएचचा आकडा आणि पायांतली ताकद यांचं नातं आपण धरून चालतो तितकं सरळ नाही.

टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते बनवते आणि गळ्यातल्या थायरॉइडला ‘काम वाढव’ म्हणून धाडते. थायरॉइडमधून निघतं ते मुख्यत्वे टी-फोर. त्याचं टी-थ्री होतं ते बहुतांशी बाहेर, यकृतासारख्या अवयवांत आणि स्नायूंत, आणि पेशींमध्ये खरं काम हे टी-थ्रीच करतं. रक्तातलं टी-फोर जरा घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी उसळतं. म्हणूनच तपासणी म्हणून ते इतकं संवेदनशील आहे. टी-फोर नॉर्मल आणि टीएसएच तेवढं वर, या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. सत्तरीनंतरच्या अहवालात हीच अवस्था सर्वांत जास्त भेटते.

आता ती मर्यादा. ०.४ ते ४.५ हा पट्टा सगळ्या प्रौढांना सरसकट लावला जातो, विशीतल्या मुलीला आणि ऐंशीच्या आजोबांना एकच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या आकड्यांचं वयवार विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. थायरॉइडचा काहीही आजार नसलेल्या लोकांतसुद्धा वय वाढेल तशी वरची मर्यादा सरकत गेलेली दिसली. विशीत ती साडेतीनच्या आसपास होती आणि ऐंशीनंतर साडेसातच्या आसपास. या मापानं मोजलं तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ६.५ हे फार तर काठावरचं. तरी बहुतेक प्रयोगशाळा वय न बघता ‘हाय’ छापून मोकळ्या होतात. संगणकात दोन ओळी बदलायचं काम आहे, पण ते करायला सवड झालेली दिसत नाही.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ८५ वर्षांच्या नागरिकांचा मोठा अभ्यास झाला. थायरॉइडच्या तपासणीत ५९९ जण होते आणि त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचा टीएसएच जास्त ते अधिक विसराळू, अधिक उदास किंवा रोजच्या कामांत अधिक परावलंबी असतील, असा तर्क कोणीही केला असता. तसं काही आढळलं नाही. उलट २००४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा टीएसएच जास्त असलेले लोक अधिक जगल्याचं दिसत होतं. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिसमधल्या सत्तरीतल्या स्त्रीपुरुषांना चालवून पाहिलं, तर टीएसएच ४.५ ते ७ असलेले नॉर्मल टीएसएचवाल्यांपेक्षा तसूभर भरभरच चालत होते. फरक अगदी थोडा, पण अपेक्षेच्या उलट दिशेला. उतारवयात शरीर आपली गती जरा खाली आणून सांभाळून खर्च करत असावं, असा एक कयास आहे. मला तो पटतो, पण सिद्ध झालेला नाही.

अशा अभ्यासांत कार्यकारण सुटं करता येत नाही, म्हणून गोळी देऊनच बघायला हवं होतं. ते युरोपातल्या चार देशांत झालं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पासष्टीपुढचे ७३७ लोक, सरासरी वय ७४, सर्वांचा टीएसएच सतत वाढलेला. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला कुठली हे कोणालाच ठाऊक नाही. वर्षभरानं औषधवाल्यांचा टीएसएच सरासरी ६.४ वरून ३.६ वर आला. अहवाल कसा छान झाला! थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच. मुठीची पकड मोजली, तीही सारखीच. आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचा टीएसएचसुद्धा आपोआप साडेपाचच्या आसपास उतरला होता. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं जमवलेल्या तज्ज्ञगटानं सबक्लिनिकल अवस्थेत सरसकट गोळी देऊ नये, असं निःसंदिग्धपणे सांगितलं. गरोदर राहू पाहणाऱ्या स्त्रिया, टीएसएच वीसच्या वर असलेले आणि त्रास तीव्र असलेले त्यातून वगळले. युरोपातल्या त्या प्रयोगात टीएसएच दहाच्या वर असलेले थोडेच होते, हेही लक्षात ठेवायला हवं. तिथे डॉक्टरांना माणूस बघूनच ठरवावं लागतं.

हे वाचून गोळीची बाटली कचऱ्यात टाकायची मात्र नाही. खरा हायपोथायरॉइडिझम, म्हणजे टी-फोरही खाली गेलेलं, हा माणसाला हळूहळू विझवणारा आजार आहे. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं सुजलेल्या, बधिर झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई उठून कामाला लागल्या, पुढे तोच अर्क पोटातून घेत राहिल्या आणि १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी गेल्या. तोवर त्यांच्यासाठी ८७० मेंढ्या लागल्या, असा हिशेब मरे यांनीच नंतर मांडला.

म्हातारपणी हा आजार ओळखायचा कसा, हीच अडचण. बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, घोगरा आवाज, कमी ऐकू येणं, मे महिन्यात अंगावर शाल. यातलं प्रत्येक लक्षण ‘वयच झालंय आता’ म्हणून खपून जातं. स्नायूंची गोष्ट जास्त बोलकी आहे. आकुंचन पावलेला स्नायू सैल पडायचा तर पेशीतलं कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घ्यावं लागतं आणि ते ओढणारा पंप टी-थ्रीच्या जोरावर तयार होतो. टी-थ्री कमी पडलं की पंप मंदावतो. जाणते डॉक्टर घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारतात ती यासाठीच. पाऊल झटकन खाली जातं, पण वर येताना रेंगाळतं. खुर्चीतून उठताना मांड्या भरून येणं, पोटऱ्यांत पेटके येणं, केसांना तेल लावताना हात दुखणं हे सगळं याच घरातलं.

उलट बाजूही आहे. थायरॉइड जास्त चालली की तरुण माणसाचे हात थरथरतात, घाम फुटतो, जीव कासावीस होतो. म्हातारा माणूस मात्र कधी कधी नुसता गप्प होतो, वाळतो, भूक जाते. अमेरिकन सर्जन फ्रँक लेही यांनी १९३१ मध्येच या निस्तेज रूपाकडे लक्ष वेधलं होतं. आणि असं अतिरेकी थायरॉइड बाटलीतूनही येऊ शकतं. पन्नाशीत, वजन बहात्तर किलो असताना ठरलेला १०० मायक्रोग्रॅमचा डोस पंच्याहत्तरीत, वजन अठ्ठावन्नवर आल्यावरही तसाच चालू असतो. केमिस्ट बाटली देतो, तपासणी दोन-दोन वर्षं होत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांमध्ये टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असेल, तर दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका तिप्पट दिसला. त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१४ मध्ये सत्तरी-ऐंशीपुढच्या रुग्णांसाठी टीएसएचचं लक्ष्यच ४ ते ६ असं वर नेलं. पंच्याहत्तरीच्या आजींचा टीएसएच गोळीवर असताना ०.५ आला, तर अहवालात काहीच ठळक नसतं आणि घरचे खूश असतात. पण डॉक्टरांना डोसबद्दल विचारायची वेळ खरं तर तीच.

गोळी घ्यायचीच असेल तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास. हे सगळ्यांना माहीत असतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवायला हवं, हे मात्र अनेक घरांत माहीत नसतं. कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिकच्या डबीत ‘सकाळ’च्या खान्यात तिन्ही गोळ्या एकत्र पडतात आणि मग डोस लागू पडत नाही म्हणून वाढवला जातो. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर काही यंत्रांवर आकडाच चुकीचा येतो. मोठ्या आजारपणातून उठल्यावर लगेच केलेल्या तपासणीवरही फार विसंबू नये.

मग आईंचं जिन्यात थांबणं कशामुळे? हिमोग्लोबिन, बी-१२ (मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर हमखास बघावं), हृदय, झोप, बीपीच्या गोळ्या, आणि घरात दिवसभर बोलायला कोणी नसणं. या सगळ्यांतून गेल्यावर बहुतेकदा उरतात ते झिजलेले स्नायू. त्यांची तपासणी घरच्या जेवणाच्या खुर्चीवर होते. हात छातीशी दुमडायचे, कोणीतरी शेजारी उभं राहायचं आणि पाच वेळा पूर्ण उठून बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला बारा किंवा जास्त सेकंद लागले तर पायांची क्षमता कमी धरतात. पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसून जेवलेल्या आपल्या लोकांना हे सोपं जायला हवं, पण डायनिंग टेबल आणि कमोड येऊन आता चाळीस वर्षं झाली.

संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या मारणं चांगलंच, पण त्यानं मांड्यांत ताकद येत नाही. ताकद वजनानं येते आणि ती कुठल्याही वयात येते. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी भरपूर वजन उचलायला लावलं. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली आणि दोघांची काठी सुटली. आपल्याकडे अशा वयात ‘जपून, जपून’ म्हणतच माणसाला खुर्चीत खिळवतात. हृदयविकार, गुडघे, बीपी यांचा विचार डॉक्टरांशी करून खुर्चीतून दहादा उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एक किलोच्या पिठाच्या पिशव्या उचलणं इतक्यापासून सुरुवात होते. सोबत ताटात प्रथिनं हवीत. रात्री नुसता दूधभात किंवा चहा-खारीवर भागवणाऱ्या पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिनं मिळणं कठीणच.

त्या ६.५ चं काय करायचं, तर दोन-तीन महिन्यांनी सकाळीच, त्याच प्रयोगशाळेत, या वेळी टी-फोरसह पुन्हा बघायचं. टी-फोर नॉर्मल असेल, गळ्याला गाठ नसेल आणि आकडा सात-आठच्या आतच राहिला, तर बहुतेक डॉक्टर औषध न देता सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तपासणी सांगतात. तोवर खुर्चीचे सेकंद वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या भेटीत अहवालाबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवावी.